डावखुऱ्याचा सुरा

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. पोरांनो, तुम्ही ऐका, आणि तुमच्या आजोबांनाही जवळ बसवा. त्या काळी वस्तू आयती मिळत नसे, करून घ्यावी लागे. आणि करणाऱ्याला तुमचं नाव माहीत नसलं तरी तुमचा हात माहीत असे. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

एका डोंगराच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं गाव होतं. तिथे एक लोहार राहत असे. सुरा करून मागायला कुणी आलं की तो आधी भट्टी पेटवत नसे. ओल्या मातीचा गोळा पुढे करी आणि घट्ट धरायला सांगे. बोटांचे ठसे उमटले की गोळा सावलीत वाळवायचा आणि तो समोर ठेवून मूठ कोरायची. त्यामुळे एकाचा सुरा दुसऱ्याच्या हाताला बसत नसे. गावात सुऱ्यांची चोरी झाली नाही ती लोक सज्जन होते म्हणून नव्हे, हे मी आपलं सांगून ठेवतो.

कोयाजी नावाच्या मधवाल्याने त्याच्याकडून असाच सुरा करून घेतला होता. पातं वीतभरही नव्हतं, कारण झाडावर लांब पातं आडवं येतं. पाठ जाड होती, वरून ठोका घालून बांबू फोडता यावा म्हणून. मूठ निखळू नये म्हणून पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत नेलेलं होतं. मूठ धावड्याच्या लाकडाची, बिननक्षीची. घामेजल्या हातातून सटकू नये म्हणून फार गुळगुळीतही केलेली नव्हती. आणि कोयाजी डावखुरा, म्हणून अंगठ्याची खोबण त्या हाताप्रमाणे कोरलेली आणि धारही एकाच अंगाने काढलेली.

एका वर्षी कोयाजी तापाने गेला. मागे बायको भिवरा आणि म्हातारी आई उरली. घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. भिवराने तो सुरा कमरेला लावला आणि नवऱ्याचं काम उचललं.

सुरा तिच्या उजव्या हाताला बसेना. तळव्याला फोड आले. लोहाराने ते पाहिले आणि तो म्हणाला की पातं तेच राहू दे, मी धार दोन्ही अंगांनी काढतो आणि मूठ नवी बसवतो. भिवराने सुरा पदराखाली घेतला. संध्याकाळी ती त्या खोबणीत बोटं ठेवून बसत असे. नवऱ्याच्या बोटांची तेवढीच एक जागा तिच्याकडे उरली होती.

सासू म्हणाली, "माझ्या लेकाचा हात कापायचा नाही."

 लोहाराने तो विषय सोडला.

त्या गावची एक रीत होती. उंच झाडावर चढायचं तर बांबूच्या खुंट्या तासायच्या, त्या खोडात ठोकायच्या आणि त्यांवर पाय देत वर जायचं. ज्याने त्याने आपल्या खुंट्या आपणच तासायच्या. भिवरा तासायला बसली की डाव्या हाताच्या धारेमुळे पातं बांबूत तिरकं शिरे आणि खुंटीचं टोक वाकडं होई. तिने बांबूला नावं ठेवली, मग स्वतःच्या हाताला. सासू म्हणे, होईल सवय. सुऱ्याला मात्र दोघींनी कधी दोष दिला नाही.

मोहोळांचा हंगाम आला. भिवरा बेहड्याच्या एका जुन्या झाडावर चढली. अर्ध्यावर एक वाकडी खुंटी पायाखालून निसटली आणि ती खाली आली. जीव वाचला, पण पाय मोडला. तो सारा हंगाम घरात मधाचा थेंब आला नाही. शेजारणी भाकरी आणून देत, आणि दोघी खाली मान घालून ती खात.

एका सकाळी म्हातारीने सुरा घेतला आणि काठी टेकत लोहाराचं घर गाठलं.

"मूठ काढ," ती म्हणाली. "लेक गेला तो गेला. त्याच्या मुठीपायी सून घालवायची नाही मला."

लोहाराने विचारलं, "आक्का, जुनी मूठ ठेवून देऊ का तुमच्यासाठी?"

म्हातारीने मुठीच्या खोबणीवरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"नको. ठेवलीस तर मी तीच धरून बसेन, आणि घरातल्या जित्या पोरीचा हात धरायला कुणी उरणार नाही."

लोहाराने जुनी मूठ भट्टीत घातली. मग तो ओल्या मातीचा गोळा घेऊन भिवराच्या खाटेपाशी गेला. भिवरा रडली, मनसोक्त रडली, आणि मग तिने गोळा घट्ट धरला.

पुढच्या हंगामात तिच्या खुंट्या सरळ उतरल्या. पोलाद कोयाजीचंच होतं, पण धार आता दोन्ही अंगांनी काढलेली होती आणि मूठ तिची होती. ती मोहोळ काढून सुखरूप खाली आली आणि पहिलं पोळं तिने सासूच्या हातात ठेवलं.

गेलेल्या माणसाची आठवण जरूर जपावी, पण ती जगणाऱ्याच्या हाताला बसेल अशी करून घ्यावी.