केरातला कण

आभाळात अजून एकही ढग नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. भागाबाईच्या अंगणात धुळीचा एक कण राहायचा. भागाबाई रोज सकाळी त्याला खराट्याने बाहेर लोटायची. एकदा वाऱ्याने त्याला उचललं आणि पार उंच नेलं.

तिथे तळ्यावरून आलेली वाफ थंडीने कुडकुडत होती. ती कुणाला दिसत नव्हती आणि तिला टेकायलाही कुठे जागा नव्हती. ती जवळ येताच कण सवयीने बाजूला सरकला.

"मला शिवू नका हं, वाफताई. मी केरातला आहे. तुम्ही मळाल."

"अरे, मळायला आधी अंग तर हवं ना! जरा टेकू दे मला, बाळा."

कणाकडे आजवर कुणी जागा मागितलीच नव्हती. तो सरकायचा थांबला. वाफ त्याला बिलगली आणि तिचा इवलासा थेंब झाला. ते पाहून लांब उभे राहिलेले बाकीचे कणही पुढे आले. मग कुठे पिसांसारखे, कुठे पिंजलेल्या कापसासारखे, आभाळभर पांढरेशुभ्र ढगच ढग झाले.

खाली भागाबाईचा खराटा थांबला. तिने वर पाहिलं.

"अगं बाई, किती स्वच्छ!"

थेंबाच्या कुशीतून कणाने हळूच विचारलं, "हे ती कुणाला म्हणाली, ताई?"

"तुलाच की रे," वाफ म्हणाली.