हंड्याच्या बुडावरचा मासा

"मग हा मासा म्हणजे तांबं?" मार्तंडबाबांनी विचारलं.

"तांबंच. आणि शेजारच्या तीन उभ्या रेघा म्हणजे तीन ताव. तीनदा तापवलं, तीनदा ठोकलं. कारागिरांनी करून ठेवलेली नोंद आहे ही, बाबा."

यशोधराबाईंनी पुढचा कागद काढला.

सिंधू खोऱ्यातल्या मुद्रांवरची चिन्हं आजवर कोणाला खात्रीने वाचता आलेली नाहीत. ती सगळी धातुकामाची टिपणं आहेत, हे सिद्ध करण्यात बाईंची बारा वर्षं गेली होती. कॉलेजची नोकरी सांभाळून, सुट्ट्या खर्ची घालून. सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. पहिल्या पानावर जन्मभर तांबं ठोकलेल्या माणसाच्या दोन ओळी हव्या होत्या, की या खुणा आमच्या धंद्याच्याच आहेत. त्यासाठी त्या तांबट आळीत आल्या होत्या.

म्हातारा मान डोलवत होता. भट्टी? असेल. चिमटा? असेल बुवा.

बाईंना वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं. त्यांचंही नवल नाही. बारा वर्षं एकच ध्यास घेतला की असंच होतं. अलीकडे तर त्यांना दुकानांच्या पाट्यांवरही भट्ट्या दिसायच्या.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. आतून एक जुना हंडा आणला आणि बाईंपुढे पालथा घातला.

बुडावर खिळ्याने कोरलेला मासा होता. शेजारी तीन रेघा.

"हे वाचा."

बाईंनी हातातला कागद त्या माशाशेजारी धरला. "बाबा... हे तेच आहे. तुमच्यात अजून चालतं हे?"

"वाचा तर खरं."

"मासा म्हणजे तांबं. तीन रेघा, तीन ताव."

"ह्याला सात ताव दिलेत मी."

"मग तीन रेघा कसल्या?"

"ती आमच्या मंडळींची करामत." बाबा पुन्हा चौरंगावर टेकले. "आळीत लग्न निघालं की घरोघरचे हंडे गोळा व्हायचे. आता हंडे सगळे माझ्याच हातचे. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. लग्न पार पडायचं आणि मग बायकांची जुंपायची, माझा कुठला नि तुझा कुठला. एक दिवस हिने खिळा घेतला. आळीतलं आमचं तिसरं घर, म्हणून तीन रेघा."

"आणि मासा?"

"माहेर समुद्रकाठचं तिचं. इथं कुठली आलीय ताजी मासळी..."

शेजारच्या कारखान्यात ठोक्यांचा आवाज चालू होता. बाईंनी हंडा जवळ ओढून घेतला.

"तांबटाचं घर, तांब्याचा हंडा," त्या हळूच म्हणाल्या, "आणि खुणेत तांब्याचं काहीच नाही."

त्यांनी समोर पसरलेले कागद गोळा केले. "म्हणजे माझं सगळं चुकलं, बाबा?"

"तसं मी कुठं म्हणतोय? असेलही तुमचं खरं. त्या लोकांत लग्नं होत नव्हती का, एवढंच आपलं मनात आलं."

बाईंना हसू फुटलं. खरं तर राग यायला हवा होता, बारा वर्षं काही थोडी नव्हेत. पण इतक्या वर्षांत त्या चिन्हांमागे खिळा घेऊन बसलेली एखादी बाई त्यांना कधी दिसली नव्हती. ती आज दिसली आणि त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी पिशवीतून पहिलं पान काढलं. 'सिंधू लिपीचा उलगडा' हे नाव खोडून त्यावर लिहिलं, 'सिंधू लिपी: एक अंदाज'.

बाबांनी पान लांब धरून वाचलं. "आता द्या पेन," म्हणाले, आणि खाली ठसठशीत सही केली.

निघताना बाईंनी त्या माशावरून एकदा बोट फिरवलं. "काकू किती शिकलेल्या होत्या हो?"

"छे, लिहिता कुठं येत होतं तिला," मार्तंडबाबा म्हणाले. "हंडा मात्र दर वेळी घरी आला."