एक निखारा, दोन चुली

एका राज्यात चैत्री आणि कार्तिकी असे दोन तट नांदत होते. नांदत कसले, भांडत होते. चैत्रींना गावागणिक वेगळा कायदा हवा, कार्तिकींना साऱ्यांना मिळून एकच. एकांचे वर्ष चैत्रात सुरू होई, दुसऱ्यांचे कार्तिकात. त्यामुळे नववर्ष दोनदा येई आणि दोन्ही वेळा डोकी फुटत. एकदा एक मांत्रिक दरबारी पाहुणा आला. त्या कलकलाटात त्याचा जप काही पुरा होईना. वैतागून तो शाप देऊन गेला: हे भांडण मिटेपर्यंत दर तंट्याला राजा बोटभर दगड होईल.

होता होता राजा सुवर्चा गळ्यापर्यंत दगड झाला. राजकन्या कनकवल्ली बापाला चमच्याने पेज भरवी आणि पदराने डोळे पुशी. तिने दोन्ही तटांच्या पुढाऱ्यांना एका पंगतीला बसवून पाहिले. आधी मीठ कुणाच्या पानात वाढायचे यावरून जुंपली, आणि राजाची हनुवटीही गेली. आता आणखी एक भांडण, की ओठ जाणार आणि राजा संपणार.

ती उंबरावरच्या बोलत्या भारद्वाजाकडे धावली.

"पक्षिराज, यांना एकत्र कसे ठेवू?"

"ठेवू नकोस. भावाभावांचे पटेना, की तुमच्यात काय करतात?"

"वेगळी चूल मांडतात."

"मग राज्याचेही तेच कर. एकाने सीमा आखावी, दुसऱ्याने बाजू निवडावी. जे वाटता येत नाही ते दोघांचे ठेवावे. आणि राजवाड्याच्या चुलीतला निखारा नव्या चुलीपर्यंत न्यावा. वाटेत कुणी वाकडा शब्द काढला, तर तो विझेल."

कार्तिकींचा प्रधान वसुमित्र सीमा आखायला बसला. निवड समोरच्याची, म्हणून बिचाऱ्याने आंब्याची झाडेदेखील मोजून समसमान केली. चैत्रींचा सेनापती खड्गसेन खोट शोधून दमला आणि शेवटी त्याने पूर्वेची बाजू घेतली; राजवाडा पश्चिमेला, कार्तिकींकडे राहिला. ज्याला जिकडे मानवेल तिकडे त्याने राहावे, असे ठरले. नदी, जत्रा आणि लेकींचे माहेर मात्र कनकवल्लीने दोघांचे म्हणून लिहून घेतले.

मग ती मडक्यात निखारा घेऊन निघाली, दोन्ही बाजूंना ते दोघे. गोड बोलायची सवय कुणालाच नव्हती, म्हणून दोन कोस सारे मुकाट चालले. सीमेपाशी निखारा काळवंडू लागला. फुंकर घालायला दोघे एकदम वाकले आणि डोक्यावर डोके आदळले. खड्गसेनाने तोंड उघडले. कनकवल्लीने मडके पदराआड धरले.

"फार लागले का, प्रधानजी?" खड्गसेन म्हणाला.

निखारा रसरसला. नवी चूल पेटली. रिवाजाप्रमाणे पहिली भाकरी जुन्या घरच्या माणसाला, म्हणजे वसुमित्राला मिळाली. ती करपली होती. त्याने हूं की चूं न करता खाल्ली. इतक्यात भारद्वाज राजवाड्यावरची बातमी घेऊन उडत आला: राजा उठून बसला होता आणि पेज नको म्हणत होता.

चैत्रींनी कनकवल्लीलाच राणी म्हणून मागून घेतले. निरोप घ्यायला परतून बापाच्या पाया पडताना तिला रडू आवरेना.

"तात, आत्ता कुठे तुमचे हात मोकळे झाले. तुम्हाला सोडून कशी जाऊ?"

राजाने त्याच हातांनी तिला जवळ घेतले. "माहेर दोघांचे, हे तूच लिहून घेतलेस ना? वर्ष सुरू झाले की येत जा."

"कुणाचे वर्ष?"

"दोघांचेही," राजा म्हणाला.

तेव्हापासून नववर्ष दोनदा येई, आणि दोन्ही वेळा लेक माहेरी येई.