सर्व पात्रे काल्पनिक

त्या काळी गल्लीत टीव्ही एखाद्याच घरी असायचा. बुधवारी प्रमिलाबाई गुर्जरांच्या कादंबरीवरची मालिका लागली, की अख्खी गल्ली त्या घराच्या दारात चपला काढायची. धरणाचं सिमेंट खाऊन इंजिनिअरचा खून पाडणारा मंत्री पकडला जातो का, एवढंच आता शेवटच्या भागात कळायचं होतं.

तेवढ्यात पाटबंधारे मंत्री तात्यासाहेब इंगवल्यांनी बाईंना बंगल्यावर बोलावलं.

"तो मंत्री म्हणजे मीच, असं लोक बोलतात. शेवटचा भाग दाखवायचा नाही. मी नुसता फोन केला तरी मालिका बंद होईल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, सर्व पात्रे काल्पनिक आहेत, अशी पाटी आम्ही दर वेळी दाखवतो."

"ती कोण वाचतंय? माझा संबंध नाही, हे लोकांना स्पष्ट कळलं पाहिजे."

"मग तुमच्यासाठी वेगळी पाटी लावू या. ठळक अक्षरांत लिहू, 'या मालिकेतला सिमेंटचोर, खुनी मंत्री म्हणजे नामदार तात्यासाहेब इंगवले नव्हेत.'"

तात्यासाहेबांच्या हातातला अडकित्ता थांबला. तो खाली ठेवत ते म्हणाले, "जुनीच पाटी बरी आहे."

बंगल्यावरची ही गोष्ट बुधवारपर्यंत गावभर झाली होती. आता बाईंच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे, पण समोर त्या एकट्याच असतात. पाटी आली की त्यांना तो बुधवार आठवतो. त्या दिवशी त्यांच्यासमोर अख्ख्या गल्लीनं ती पाटी पहिल्यांदाच मोठ्यानं वाचली होती, आणि 'काल्पनिक'पाशी येऊन सगळे खो खो हसले होते.