चढणीची वाट

“म्हणजे धाकूबाबा, नदी जिंकली तरी नाचायचं नाही?”

गुलाब मुकणेने हे ओरडूनच विचारलं. कातकरीवाडीत ढोल वाजत होता; शिवाय पुढारी झाल्यापासून गुलाबला हळू बोलता येत नव्हतं.

नाचण्यासारखंच होतं. कित्येक वर्षं ठेकेदाराचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेलं. वाडीतलं कोणी पाण्यात उतरलं की चोर ठरायचं. गुलाब त्यापायी कोठडीत जाऊन आला. आज सकाळी हुकूम आला : मासे धरण्याचा हक्क काठावरच्या कातकऱ्यांचा, वाडवडिलांपासूनचा. दुपारी ठेकेदाराने जाळं गुंडाळलं.

“नाच की,” म्हातारा धाकूबाबा म्हणाला. “मी तुला मासे धरायला शिकवलं. नाचणं तुझं तू शिकलास.”

“आधी हे बघा!”

गुलाबने त्याला ओढतच काठावर नेलं. वाडवडिलांचा दगडी बांध साऱ्या वाडीने पुन्हा रचला होता. चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर निघाले, की बांधाला अडून बाजूच्या टोपल्यांत शिरायचे. मधोमध मात्र एक वाट पूर्वीपासून मोकळी असायची.

आज ती नव्हती.

“वाट बुजवलीस?”

“पक्की! एक मासा वर जाणार नाही. सगळे आपले!”

“आणि नदीच्या वरच्या अंगाची वाडी काय खाणार?”

“हक्कासाठी मोर्चा काढला, त्याला त्यांचे तिघेच आले होते, बाबा. त्यातला एक भज्यांसाठी.”

लोक खदखदून हसले. म्हातारासुद्धा हसला...

आणि हसत हसतच पाण्यात उतरला.

ढोल थांबला.

धाकूबाबाने बांधातला मधला दगड हलवला, उपसला. पाणी धबाबा सुटलं. त्या पाण्यातून चांदीसारखा एक मासा उसळला आणि वर निघून गेला. मागून दुसरा. मग झुंडच!

“गेले! गेले!” पोरं नाचायला लागली. कोण गेलं, कोणाचं गेलं, याची त्यांना पर्वा नव्हती.

म्हाताऱ्याने तो ओला दगड आणून गुलाबच्या हातात दिला. जड होता. गुलाबला तो टाकताही येईना.

“बाबा, हे काय...?”

“ठेकेदार गेला म्हणालास ना?”

“गेला! या डोळ्यांनी पाहिला!”

“मग पळ त्याच्या मागे. त्याचा हा दगड राहिलाय.”