दोन सोंगट्यांचा शब्द

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि खजिन्यात एक शापित पट होता. लढाईच्या लुटीत आलेला, हस्तिदंती सोंगट्यांचा. दर सोंगटीवर एक इंग्रजी अक्षर. ज्याच्या घरी तो पट, त्याच्या लेकराचा आवाज जायचा. राजाला हे कुठलं ठाऊक! एके सकाळी पाळण्यातला राजपुत्र नीलकेतू रडला. तोंड उघडलं, डोळे वाहिले, पण आवाज नाही.

तेव्हापासून राणी वनलतेला घास गोड लागेना. बाळ भुकेलं तर कळणार कसं? पडलं तर? विंचू चावला तर? बसल्या जागेवरून ती सारखी उठायची, पाळण्यात डोकवायची.

"बाईसाहेब, आत्ताच तर पाहिलंत," दासी म्हणायची.

"पाहिलं गं. पुन्हा पाहते."

मग पटाचा धनी, जादूगार करालाक्ष, दरबारात आला. त्याच्या कमरेच्या कुपीत बाळाचा आवाज घुमत होता.

"तीन डाव," तो म्हणाला. "पडतील त्या सोंगट्यांचा इंग्रजी शब्द लावा, अर्थ सांगा. चुकलात, तर सोंगट्या काळ्या पडतील. मग आवाज कायमचा माझा."

राजाने मान खाली घातली. राणी पुढे झाली. तिच्या खांद्यावर साळुंकी होती, गोऱ्या खलाशांच्या जहाजावर वाढलेली. त्यांचे आडवेतिडवे शब्द तिला तोंडपाठ.

पहिल्या डावात झेड, ए, एक्स पडले. साळुंकी कानात कुजबुजली. राणी म्हणाली, "झॅक्स. छपराच्या दगडी पाट्या तोडायचं हत्यार." सोंगट्या पांढऱ्याच राहिल्या.

दुसऱ्या डावात सी, डब्ल्यू, एम.

"यात स्वर कुठाय?" राजा घाबरला.

"नसतो एकेकात! आपण गप्प बसावं, महाराज," साळुंकीने फटकारलं आणि राणीच्या कानाला लागली.

"कूम," राणी म्हणाली. "डोंगराच्या कुशीतला वाटीसारखा खळगा." सोंगट्या पांढऱ्याच.

करालाक्षाने फुंकर मारली. साळुंकीची चोच घट्ट मिटली.

"आता पाखराविना खेळा."

तिसऱ्या डावात दोनच सोंगट्या. ए आणि आय. राणीला अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी. ए म्हणजे आ, आय म्हणजे ई, असं तिने आपल्या परीने जुळवलं.

"आई."

करालाक्ष खदखदून हसला. "राणीसाहेब, ही तर तुमच्या घरची भाषा! बरं, अर्थही सांगून टाका."

राणीला रडूच फुटलं. "अर्थ काय सांगायचा? लेकराला पोटाशी धरून जी कायम टांगणीला लागलेली असते, झोपेतसुद्धा पकड सोडत नाही, ती."

सोंगट्या पांढऱ्याच राहिल्या. कमरेची कुपी तडकली.

"पट बिघडला!" करालाक्ष ओरडला.

"पट नाही बिघडला," साळुंकीची चोच सुटली होती. "इंग्रजीत आई नावाचं एक संथ जनावर आहे. तीन बोटांचं. झाडाला उलटं टांगलेलं, पिलू पोटाशी, झोपेतही पकड सुटत नाही. एवढं ठाऊक नाही, आणि निघाले डाव मांडायला!"

करालाक्षाचा धूर झाला, पटाची राख झाली. आणि पाळण्यातून असा टाहो फुटला, की खांबांवरची कबुतरं उडाली. दासी झुलवायला धावली.

"राहू दे गं," राणी म्हणाली. "रडू दे त्याला. पोटभर रडू दे."

आणि तिने भिंतीला पाठ टेकली. तिचा जीव जसा भांड्यात पडला, तसा तुमचाआमचा पडो.