ऊनाची न संपणारी चाल

एक होतं बेट. लांब, पार पश्चिमेच्या समुद्रात. आयर्लंड त्याचं नाव. तिथे एका टेकडीखाली एक गाव होतं आणि गावात राहायची ऊना. दहा वर्षांची. नाकावर ठिपके आणि जीभ मिरचीसारखी.

त्या गावात फिडल वाजवायचे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, बरं का. पण वाजवायचे फक्त तीन म्हातारे: ऊनाचे मॅनस आजोबा, त्यांचा भाऊ आणि त्यांचा मेहुणा. मुलींनी हात लावायचा नाही. का? तर नाही लावायचा! याहून मोठं कारण त्यांच्याकडे नव्हतं.

तिथल्या दारांचे दोन भाग असतात. खालचा बंद, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. वरचा उघडा, उजेडासाठी. म्हातारे वाजवायला बसले की ऊना बाहेरून खालच्या दारावर हनुवटी टेकायची. चाल रंगात यायची, अन् आजोबांना ऊना दिसायची. "पळ, कार्टे!" की वरचं दारही धाडकन बंद. रोज असंच. मग ऊनानं खोक्याच्या फळ्यांची स्वतःच एक फिडल केली आणि गोठ्यात आपल्या मनानं रचलेली चाल गाईला ऐकवू लागली. गाय बिचारी काही बोलायची नाही.

मग आलं तिच्या ब्रीडताईचं लग्न. नाच झाला नाही तर तिथे लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मातीच्या जमिनीवर पावलं वाजत नाहीत, म्हणून दाराचे दोन्ही भाग बिजागरीतून काढले आणि घरात आडवे टाकले. त्यावर नाचायचं!

एवढ्यात टेकडी उघडली. आत राहणाऱ्या जादूच्या बुटक्या लोकांचा राजा बाहेर आला. गुडघ्याएवढा, लाल टोपी, हातात भलंमोठं पोतं.

"शंभर वर्षं त्याच त्या चाली! कान किटले माझे. मी न ऐकलेली वाजवा, नाहीतर सगळ्या फिडली टेकडीत नेतो."

ब्रीडताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग मेहुण्यानं वाजवली. राजा म्हणाला, "ऐकलीय." मग भावानं वाजवली. राजानं जांभई दिली. मग मॅनस आजोबांनी घाम गाळत सगळ्यात जुनी चाल काढली.

"ही तर तुझ्या आजोबाला मीच शिकवली, म्हाताऱ्या!" राजानं पोतं उघडलं.

"थांबा!" ऊना उंबऱ्यावर उभी होती. काखेत खोक्याची फिडल. "मी वाजवते."

"तू बाहेर हो!" आजोबा दार लावायला धावले. पण दार कुठे होतं? ते तर पाहुण्यांच्या पायाखाली!

मग ऊनानं वाजवली. काय चाल होती! घोडा दुडक्या चालीनं निघावा तशी. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की फिरून पहिला. राजाची टाच हलली. मग गुडघा हलला. मग तो टुणकन दारावर चढला आणि नाचू लागला. आता टेकडीतल्या लोकांचा एक नियम असतो, बरं का. नाचायला लागलं की चाल संपेपर्यंत थांबता येत नाही.

चाल फिरली. टोपी उडाली. चाल फिरली. बटणं तुटली. चाल फिरली. बुटांचे तळ निघाले.

"पोरी, संपव ना!"

"मला चालीचा शेवट करता येतच नाही, महाराज. दरवेळी शेवटाच्या आत आजोबा दार लावायचे."

"म्हाताऱ्या, शिकव तिला! पाया पडतो!"

ऊनाचा हात थांबला नाही. "फिडली इथेच राहणार?"

"राहतील!"

"आणि मी आत बसणार, आजोबा?"

आजोबांनी सगळ्यांकडे पाहिलं, दाराच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. "बस, बाई. असा ओढ गज, लांब. आता सोड."

ऊनानं सोडला. राजा धप्पकन बसला. मग अनवाणीच टेकडीत पळाला.

ब्रीडताई पहाटेपर्यंत नाचली. ऊनाच्या चालीला सगळे 'ऊनाची रील' म्हणू लागले. मोबाइलवरची नव्हे रे, नाचाची! अजूनही ती तिथे गोल गोल फिरते. कुठे थांबायचं ते म्हातारे ठरवत नाहीत. सगळ्यात लहान वाजवणारीनं भुवई उडवली की थांबतात.

आपल्या गोष्टीला मात्र शेवट आहे, आणि तो आला. वरचं दार उघडं ठेवलंय. मिटा डोळे.